सुट्टीत घरी पाहिलेले तीन चित्रपट आणि माझे मत



सहामाहीचे पेपर तपासून झाले. नववीला 'मला आवडलेला चित्रपट' हा निबंध दिला होता. निम्म्याहून जास्त पेपरांत शेवटचे वाक्य एकच होते. या चित्रपटातून आपल्याला खूप काही शिकायला मिळते! काय शिकायला मिळते ते मात्र कोणीच लिहीत नाही. लाल पेनाने 'म्हणजे काय?' असे लिहून लिहून माझा हात दुखला. मग मनात आलं, अहो बाई, मत कसं मांडायचं हे तुम्ही तरी वर्गात कधी करून दाखवलंय का? नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत घरी पाहिलेल्या तीन चित्रपटांबद्दल मीच लिहायचे ठरवले. तिन्ही जुने आहेत आणि बहुतेकांनी पाहिलेले असतील. हे परीक्षण नव्हे, घरातल्या गप्पा समजा.

आमच्या घरी आम्ही चौघे. मी, आमचे हे, आठवीतला मुलगा आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, वय 74. रिमोट कोणाच्या हातात यावरून आमच्याकडे जेवढी भांडणे होतात तेवढी पैशावरूनही होत नाहीत.

पहिला पाहिला 'एलिझाबेथ एकादशी'. परेश मोकाशींचा, 2014 चा. पंढरपूरचे घर, वडील गेलेले, आईचे स्वेटर विणायचे यंत्र बँकेने अडकवून ठेवलेले आणि ते सोडवायला सायकल विकायची वेळ आलेली. एलिझाबेथ हे त्या सायकलचे नाव. माझा मुलगा म्हणाला, "एका सायकलसाठी एवढं?" त्याच्याकडे गिअरची सायकल आहे आणि ती चार महिने जिन्याखाली पंक्चर होऊन पडली आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे मला कळले. पण ज्ञानेश आणि झेंडू एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात तिथे तो मोबाईल खाली ठेवून बघत होता. मला या चित्रपटात काय आवडले सांगू? गरिबी आहे, पण तिचे रडगाणे नाही. मुलांच्या तोंडच्या शिव्यासुद्धा खऱ्या आहेत. (पालकहो, दचकू नका. त्या त्यांना आधीपासून येतात.)

दुसरा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. हाही मोकाशींचाच, 2009 चा. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्याची गोष्ट. नंदू माधव यांनी फाळके असे उभे केलेत की ते आपल्याच गल्लीतले एक उचापती काका वाटतात. घरातले सामान विकले जाते, विम्याची पॉलिसी गहाण पडते, तरी गडी हसतोच आहे. इथे माझी एक तक्रार आहे. चित्रपट इतका खेळकर आहे की सरस्वतीबाईंना ते दिवस किती जड गेले असतील हे प्रेक्षकाला स्वतःच आठवावे लागते. युनिटचा स्वयंपाक त्याच करत आणि रात्री बसून फिल्मला कडेची भोके पाडायचे कामही त्याच करत. विभावरी देशपांडे यांनी भूमिका छान केली आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ते हसू मला थोडे जास्तच सोपे वाटले. आमच्या ह्यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, रडत बसले असते तर चित्रपट निघालाच नसता. तेही खोटे नाही.

पुन्हा पुन्हा चित्रपट बघून फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती, आणि उपचारांनी ती परत आली. तो भाग चालू असताना अण्णा एवढेच म्हणाले, "आले बाबा त्यांचे डोळे परत." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि गप्प बसलो.

त्याचे कारण असे, की अण्णांना काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितले होते, डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही, थेंब टाकायचे ते उरलेली टिकवण्यासाठी. आम्ही घरी येऊन अण्णांना काय सांगितले? "थेंब टाका, हळूहळू सुधारेल." वाईट बातमी म्हाताऱ्या माणसाला कशाला द्यायची, असा आमचा हिशोब. आता बघा त्याचे काय झाले. अण्णा रोज वाट बघायचे सुधारण्याची. सुधारणा काही दिसेना. मग त्यांनी थेंब टाकायला टाळाटाळ सुरू केली. फरकच पडत नाही तर महागाचे औषध कशाला? बाटली महिनाभर पुरायची ती दोन-दोन महिने जाऊ लागली. आम्हाला वाटले, अण्णा विसरतात. विसरत नव्हते. आमच्याच शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी हिशोब केला होता.

तर तिसरा चित्रपट 'श्वास'. 2004 चा, संदीप सावंत यांचा. 'श्यामची आई'नंतर सुमारे पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीला मिळाले ते याच चित्रपटामुळे. कोकणातला परशा, त्याच्या डोळ्यांत कॅन्सर. ऑपरेशन केले तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. आजोबा अरुण नालावडे, परशा अश्विन चितळे. मला हा चित्रपट पाठ होता, तरी लावताना हे डोक्यात आले नाही, की आज शेजारी अण्णा बसले आहेत. लक्षात आले तेव्हा परशा दवाखान्यात पोहोचला होता.

डॉक्टर म्हणतात, मुलाला आधी सांगा. आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. आमच्या ह्यांनी हळूच रिमोट उचलला. घरी चित्रपट पाहण्यातली ही मोठी गंमत, किंवा मोठी पळवाट म्हणा. थिएटरमध्ये तुम्हाला बसावेच लागते. घरी नको तो प्रसंग आला की पुढे ढकलता येतो, नाहीतर 'चहा कोण घेणार?' म्हणून उठता येते.

अण्णा म्हणाले, "राहू दे. बघू दे मला."

पुढे ऑपरेशन व्हायच्या आधी आजोबा नातवाला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात. जे बघता येईल ते त्याला शेवटचे दाखवून घेतात. इकडे दवाखान्यात शोधाशोध. डॉक्टर भयंकर चिडतात. माझा मुलगा मधेच म्हणाला, "किती स्लो आहे!" एरवी मी त्याला गप्प केले असते. या वेळी म्हटले, दवाखान्यात बसून बघ एकदा, वेळ असाच जातो. खरं सांगायचं तर मधला दवाखान्याचा भाग मलाही थोडा लांबलेला वाटतो. अमृता सुभाष यांची आसावरी इतकी चांगली आहे की अशी समाजसेविका प्रत्येक दवाखान्यात असती तर काय हवे होते, असेही मनात येते. पण आजोबांच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो तिथे मला एक सेकंदही जास्त वाटत नाही.

शेवटी परशा काळा चष्मा लावून होडीतून गावाकडे येतो. चित्रपट संपला. कोणी दिवा लावला नाही.

अण्णांनी विचारले, "माझा डावा परत यायचा आहे का रे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मग ह्यांनी सांगितले. नीट, सगळे. डावा गेला तो गेला, उजवा थेंबांवर टिकेल, थेंब चुकवले तर तोही जाईल. मला वाटले होते अण्णा खचतील. ते आधी चिडले. "दोन वर्षं? पोराला सांगतो तो डॉक्टर, आणि मला तुम्ही नाही सांगितलंत?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही फारसे बोलले नाहीत. मी हे सजवून सांगत नाही, घरात दोन दिवस फार अवघड गेले.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः डॉक्टरांकडे यायला तयार झाले आणि सगळे प्रश्न त्यांनीच विचारले. तपासणीत उजव्या डोळ्याचाही दाब वाढलेला निघाला. थेंब बदलून दिले आहेत. आता मुलाने कॅलेंडरच्या बाजूला वेळापत्रक चिकटवले आहे, सकाळी 8, रात्री 8. थेंब टाकले की अण्णा कंडक्टरच्या सवयीने त्यावर टिक करतात.

परवा मी त्यांना सहज विचारले, "अण्णा, श्वास कसा वाटला?"

म्हणाले, "तो डॉक्टर चांगला. खरं सांगा म्हणाला, ते आवडलं. पण म्हाताऱ्यावर ओरडला ते नाही आवडलं. त्याने काय चोरी केली होती? नातवाला जग दाखवायला नेलं होतं."

मी म्हटले, "पण अण्णा, न सांगता नेलं ना. दवाखान्यात जबाबदारी कोणाची?"

"तू मास्तरीणच राहणार," असे म्हणून ते पेपर उघडून बसले, उजव्या डोळ्याजवळ धरून. मला डॉक्टरांचे चिडणे अजूनही बरोबरच वाटते. अण्णांना अजिबात वाटत नाही. येत्या रविवारी तो भाग पुन्हा लावून बघायचा असे ठरले आहे.