नागपुरात पाहायला आहे काय?

हा प्रश्न आमच्या होस्टेलमध्ये दर रविवारी दुपारी विचारला जातो आणि उत्तरही ठरलेलं असतं : चला धरमपेठेत, खाऊ काहीतरी! त्या रविवारी मात्र आमच्यातल्या चंद्रपूरवाल्यानं आम्हा तिघांना आधी सिव्हिल लाइन्समध्ये ओढत नेलं. अजब बंगल्यात. म्हणजे १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. "पेंढा भरलेले पक्षी पाहायला आता काय लहान आहो का बे?" अशी कुरकुर करतच आत शिरलो.

दोन दालनांत कुरकुर थांबली. पण खरी मजा नंतर धरमपेठेत, सांबारवडी खाताना आली. हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण हा पाद्री, स्टीफन हिस्लॉप, सहकारी हंटरबरोबर नागपूरभोवतीचे दगड तपासत हिंडायचा, हे कुणाला माहीत? १८५१ मध्ये टाकळीजवळ, म्हणजे आताच्या शहरातच, त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म सापडले. संग्रहालय झालं त्याच १८६३ मध्ये, टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, तो पुरात बुडाला.

"आणि तू लॅबमध्ये फोडतो ते काय आहे?" चंद्रपूरवाला माझ्यावर घसरला. काळी गिट्टी! साच्यात भरायची, हातोड्याचे पंधरा घाव, चाळायची, व्हॅल्यू लिहायची, जर्नलवर सही. ती गिट्टी म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. पण एक थर थंड झाल्यावर त्यावर तळी साचली, त्यांत गोगलगाई नांदल्या आणि पुढच्या लाव्ह्यानं सगळं झाकलं, हे माझ्या डोळ्यांपुढे कधी आलंच नव्हतं. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे मी! लाज वाटली, खरं सांगतो.

म्हणून सरांना एक विनंती. फर्स्ट इयरला अजब बंगला दाखवाच, पण साठ जणांची रांग, हजेरी आणि वर दहा पानांचा रिपोर्ट असं नको. चार-चार जण सोडा, भांडू द्या.

परतताना एकानं रस्त्याकडेची गिट्टी उचलून दिव्याखाली धरली. "यात नाही सापडत बावा, दोन थरांच्या मधात शोधा लागते," चंद्रपूरवाला म्हणाला. तरी होस्टेलपर्यंत आम्ही चौघंही खाली पाहतच चाललो.