विहीर आणि धरण

सरकारी मराठीत ‘निधी खर्ची पडला’ असा एक सोयीस्कर शब्दप्रयोग आहे. निधी खर्ची पडला की खाते सुटकेचा नि:श्वास टाकते. त्यातून उभे काय राहिले, हा प्रश्न विचारायचे कोणालाच सुचत नाही. मार्चअखेरीला कोषागारात बिलांची जी झुंबड उडते, ती या वृत्तीतूनच. वर्षअखेरीची ही घाई म्हणजे वित्तीय औचित्याचा भंग, असे केंद्राचे सामान्य वित्तीय नियम सांगतात. नियम पुस्तकात राहतो आणि मार्च दरवर्षी येतो.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. विहिरीसाठी कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हातावर आम्ही सगळी रक्कम एकदम ठेवत नसू. पहिला हप्ता द्यायचा, शेतावर जाऊन खोदाई पाहायची, मगच दुसरा. काही हजारांच्या कर्जाची ही कथा.

आता विदर्भातला गोसीखुर्द प्रकल्प पाहा. वैनगंगेवरच्या या धरणाला १९८३ साली ३७२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. उद्दिष्ट होते अडीच लाख हेक्टर शेती भिजवण्याचे. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि पुढे त्याची सुधारित किंमत १८ हजार ४०० कोटींच्या पलीकडे गेली. म्हणजे जवळजवळ ५० पट! महागाई वाढली, पुनर्वसनाचा खर्च वाढला, हे मान्यच. पण किंमत अशी वाढते तेव्हा दरवेळी ‘सुप्रमा’ लागते, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. विहिरीच्या हिशेबाने हा पुढचा हप्ताच. तो देण्याआधी कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचले की नाही, हे पाहायला कोण गेले होते?

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांतली सिंचनाची वाढ जेमतेम ०.१ टक्का दिसली, तेव्हा गदारोळ उठला. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून वेगळे आकडे मांडले. खरा आकडा कोणता, याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. हजारो कोटी खर्चूनही जमीन किती भिजली, याबद्दल सरकारच्याच दोन कागदांचा मेळ बसत नव्हता. बँकेत रोजकीर्द जुळल्याशिवाय रोखपाल घरी जात नसे.

तपासणीची यंत्रणा नाही, असे नाही. घटनेच्या १५१ व्या कलमानुसार महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात, लोकलेखा समिती ते तपासते. पण हे सारे पैसा गेल्यावर. शिवाय अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जातात. चर्चेला सवड उरतच नाही.

म्हणून तपासणी सुप्रमाच्या आधी हवी. आजवर किती रुपये गेले, किती हेक्टर प्रत्यक्ष भिजले, किंमत का वाढली आणि विलंबाला जबाबदार कोण, एवढे खात्याने जाहीर करावे. लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांत ते वाचून दाखवावे, आणि मगच पुढचा पैसा सुटावा. ते खरे की खोटे हे ठरवायला बडा तज्ज्ञ लागणार नाही. कालव्याच्या ‘टेल’चा शेतकरी उभा राहून सांगेल.