राजमा नव्हे, घेवडा

“राजमा कसा दिला?” असं मी कोरेगावच्या आठवडी बाजारात विचारलं, तेव्हा पोत्याशेजारी बसलेल्या मावशींनी वरसुद्धा पाहिलं नाही. “राजमा वाण्याकडं मिळंल. ह्यो घेवडा हाय. वाघ्या.” लग्न होऊन मी सांगलीहून साताऱ्याला आले, त्याच वर्षीची ही गोष्ट. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मूठभर दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि उन्हात धरायला सांगितले. फिकट गुलाबी दाण्यावर तांबूस रेघा होत्या. वाघाच्या अंगावर असतात तशा, म्हणून वाघ्या.

त्या संध्याकाळी घेवडा शिजला आणि माझ्या डोक्यातला राजमा कायमचा गेला. याची साल पातळ आणि दाणा आतून लोण्यासारखा मऊ. आदल्या रात्री भिजत घालायचा, शिजल्यावर पळीने थोडे दाणे भांड्याच्या कडेला दाबायचे, की रस्सा आपोआप दाट होतो. वर कांदा-लसणाची चटणी, थोडा दाण्याचा कूट, कोथिंबीर. टोमॅटो नको, गरम मसाला नको. सोबत बाजरीची भाकरी. कोरेगाव तालुक्यातल्या या पावसाळी पिकाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही मोठ्या शहरातल्या दुकानात त्याच्या पिशवीवर ‘राजमा’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. मानांकन कागदावर राहिलं आणि नाव पिशवीवरून गेलं. मला याचा मनापासून राग येतो.

हे सदर सुरू झाल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “साताऱ्याला येतोय, कुठे खाऊ?” विचारणाऱ्यांना हॉटेलांची यादी हवी असते. मी त्यांना रिकामी पिशवी घेऊन यायला सांगते. ज्याला स्वयंपाकाची आवड आहे, त्याने गाव हॉटेलातून पाहू नये. बाजारातून पाहावं, गिरणीतून पाहावं, डंकावर कोण काय कुटायला घेऊन आलंय ते पाहावं. हॉटेलात तयार चव मिळते. बाजारात ती चव कशापासून होते ते कळतं, आणि ते घरी आणता येतं.

आणायला सोपा वाटणारा पदार्थ म्हणजे कंदी पेढा. साताऱ्याचं नाव ज्याने अभिमानाने बाहेर नेलं, असा हा एकटाच. मी तो घरी करून पाहिला आहे, एकदा नव्हे, चार हिवाळे. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतत राहायचा. साखर बेताची, कारण गोडवा भाजण्यातून यायला हवा. हात थांबला की खवा खालून लागतो, आच वाढवली की रंग येतो पण खमंगपणा येत नाही. चौथ्या हिवाळ्यात जमला. साताऱ्याच्या हलवायांच्या कढईपुढे तासभर उभं राहिल्यावर कळलं, की त्यांचं गुपित मसाल्यात नसून धीरात आहे.

पण सातारा म्हणजे पेढा एवढंच समजणाऱ्याने जिल्ह्याचा पाऊस समजून घ्यावा. महाबळेश्वरला वर्षाला 6000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात 500 मिलीमीटरचीही खात्री नसते. एका टोकाला स्ट्रॉबेरी, जिला 2010 मध्ये मानांकन मिळालं, आणि दुसऱ्या टोकाला हुलगा, मटकी, बाजरी. माणदेश जिल्ह्याची हद्द मानत नाही. माण-खटावातून तो सांगलीच्या आटपाडी आणि जतकडे तसाच पसरतो, आणि तिथल्या चुलींवरही तेच शिजतं. माझ्या सासूबाई खटावच्या. हुलग्याला कुळीथ म्हटलं की त्या म्हणायच्या, “ते कोकणात. आपल्यात हुलगाच.” त्यांची शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळलेला गोळा, त्याच्या हातावर वळलेल्या वेटोळ्या आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडून शिजवलेला तो दाट रस्सा. थंडीत कुणी आजारी पडलं की हुलग्याचं माडगं. ज्या जमिनीत दुसरं काही उगवायला तयार नव्हतं, तिथल्या बायकांनी एका कडधान्यातून न्याहारी, जेवण आणि औषध तिन्ही काढलं. हे अन्न जिल्ह्याच्या ठिकाणी एकाही हॉटेलच्या फळ्यावर मला आजवर दिसलेलं नाही.

साताऱ्याहून सांगलीला माहेरी जाताना कऱ्हाडपर्यंत महामार्ग आणि पुढे उसाचा रस्ता. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगलीला येते, तोवर तिचं पात्र रुंद झालेलं असतं आणि काठची माती काळी, कसदार. या काठची काटेरी देठाची वांगी चुलीवर चढली, की भरल्या वांग्यात मसाला जपून घालावा लागतो, नाहीतर वांग्याची गोडी मरते. आईचा तो नियमच होता. दाण्याचा कूट, कारळ, चटणी, मीठ, बस्स. इस्लामपूरच्या बाजूला ढाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर हा हॉटेलात जाऊन खावा असा या भागातला एक पदार्थ, कारण तो कसलीही उसनी ओळख न सांगता अख्खा मसूर म्हणूनच मिळतो. बाकी बऱ्याच ठिकाणी सांगलीतला रस्साही ‘कोल्हापुरी’ असतो आणि साताऱ्यातलाही. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाबद्दल मला आदर आहे. तो त्यांचा आहे, त्यांच्याकडे जाऊन खावा. पण शेजाऱ्याचं नाव लावून आपल्या घरचं वाढायची वेळ आपल्यावर का यावी?

सांगलीत पाहुण्यांना मी आधी हळदीकडे नेते. फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात येतात आणि आडत दुकानांच्या दारातली धूळसुद्धा पिवळी होते. शेतातून काढलेले कंद उकडायचे, पंधरवडाभर उन्हात वाळवायचे, मग फिरत्या पिंपात घासून त्यांना चकाकी आणायची, तेव्हा कुठे हळकुंड होतं. चांगलं हळकुंड दुसऱ्यावर आपटलं की खणखणतं आणि मोडलं की आत केशरी दिसतं. ही परीक्षा मला वडिलांनी शिकवली. पूर्वी हळद हरिपूरच्या पेवांत ठेवत. जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं आणि रुंद पोटाचं पेव, तोंड मातीने लिंपून बंद केलेलं. आत हवा नाही, कीड नाही, वर्षानुवर्षं हळद तशीच. 2005 च्या महापुराचं पाणी त्या पेवांत शिरलं आणि लहानपणापासून पाहिलेली ती जागा मला पुन्हा तशी दिसली नाही.

सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं. इथेही नाव घेऊन मागावं लागतं, कारण सांगलीच्या बाजारात कर्नाटक-तेलंगणातूनही हळद येते आणि बाजारातून गेलेली सगळीच ‘सांगलीची’ म्हणवते. व्यापाऱ्याला दोष नाही. एवढा मोठा बाजार चालायचा तर माल चहूकडून येणारच. पण घरी स्वयंपाक करणाऱ्याने विचारावं की हळकुंड कुठल्या शिवारातलं. मी विचारते, आणि विचारलं की दुकानदारही सरसावून बसतात, वेगळी पोती उघडून दाखवतात. त्यांनाही कुणीतरी विचारायला हवंच असतं.

भडंगाचंही असंच. सांगलीतून निघताना सगळे तयार पुडे घेतात, मी भडंगाचे चुरमुरे घेते. साधे चुरमुरे मसाल्यात घातले की आक्रसतात, हे टपोरे टिकतात. लसूण सालीसकट ठेचून तेलात कुरकुरीत करायची, शेंगदाणे, कढीपत्ता, मग आच बंद करून तिखट आणि हळद. आच चालू असताना तिखट घातलं तर काळं पडतं. शेवटी मीठ आणि चिमूट पिठीसाखर. पाव तासाचं काम, आणि मुलं वसतिगृहातून सुटीला आली की डबा दोन दिवसांत रिकामा.

खपलीचं दुःख मात्र मोठं आहे. कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्या पिकलेला हा तांबूस, लांबट गहू. सालासकट येतो, कांडून सोलावा लागतो, म्हणून मधल्या काळात लोकांनी सोडला. त्याची खीर, गूळ, खोबरं, सुंठ आणि वरून तासगावच्या बेदाण्यांची मूठ, आमच्याकडे रात्रभर मंद चुलीवर शिजे. मिरज-जतकडे तिलाच हुग्गी म्हणतात. आता तोच गहू इंग्रजी नावाच्या डब्यात बसून, आरोग्याचं लेबल लावून, महाग होऊन परत आला आहे. आपण तो विकत घेतो आणि आजीच्या खपलीला नाक मुरडल्याचं विसरतो.

आता चटणीबद्दल, कारण फाल्गुन लागला आहे आणि आमच्या गल्लीत शिंका सुरू झाल्या आहेत. इतर भागांतल्या वाचकांसाठी सांगते, सातारा-सांगलीकडे चटणी म्हणजे तोंडी लावणं नव्हे. चटणी म्हणजे वर्षाचा मसाला. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला. मिरच्या कडक उन्हात वाळवून देठं काढायची. धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला तेलावर वेगवेगळा भाजायचा, एकत्र कधीच नाही. कांदा उभा चिरून वाळवून तळायचा. लसूण, कोथिंबीर आणि साताऱ्याकडचं आलं. मग डबे घेऊन डंकावर रांग लावायची. नाकाला पदर, डोळ्यांना धारा, आणि तरी प्रत्येकीचं लक्ष शेजारणीच्या डब्यात. “आक्का, तुम्ही तीळ जास्त घातलाय जणू?” असं विचारत विचारत तिथेच पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात जातात. घरी आणल्यावर चटणी बरणीत दाबून भरायची, मध्ये हिंगाचे खडे ठेवायचे, वर दादरा बांधायचा.

आईची चटणी लालभडक, कांदा-लसूण पुढे. सासूबाईंची काळपट, खोबरं आणि तीळ जास्त, धणे थोडे करपायला आलेले. दोन गावांत जेमतेम सव्वाशे किलोमीटरचं अंतर, पण एकाच घेवड्यात या दोन चटण्या घालून पाहा, दोन भाज्या होतात. लग्नानंतर काही वर्षं मी दोन्ही बरण्या ठेवत असे.

आता सासूबाईंची बरणी नाही. त्या चार वर्षांपूर्वी गेल्या. त्या सगळं पितळेच्या चिपट्याने मोजत, “दोन चिपटी धणं, एक चिपटं तीळ” असं म्हणत, आणि मी शेजारी बसून ऐकत असे. घर बदलताना ते चिपटं मोडीत गेलं. त्यात किती ग्रॅम मावत होतं ते मी कधी मोजून ठेवलं नव्हतं. गेली तीन वर्षं मी अंदाजाने त्यांची चटणी करते आहे. रंग जुळतो. वास जुळत नाही.

म्हणून या वर्षी एक मागणं आहे. तुमच्या घरची चटणी डंकावर जाईल त्या दिवशी तराजू बाहेर काढा. आई, सासूबाई, आत्या, जी कुणी हाताने मोजते तिच्या प्रत्येक मुठीचं वजन करून कागदावर लिहा. वर तिचं नाव आणि गावाचं नाव लिहा, आणि त्याची एक प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा. खटाव तालुक्यातून पत्र आलं, तर ते मी सगळ्यात आधी उघडेन.