अनेक पत्ते, एक टपालपेटी

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पिंपळी-लिमटेकसारख्या गावात एकाच माणसाच्या नावावर तीन-चार ई-मेल खाती असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र ही खाती हौसेने उघडलेली नसून बहुधा विसरभोळेपणाने साठलेली असतात. नवा मोबाइल घेतला की जुन्या जीमेलचा पासवर्ड आठवत नाही, दुकानदार तिथल्या तिथे नवे खाते काढून देतो, आणि पॅनकार्डाला जोडलेला पत्ता एक, बँकेकडचा दुसरा, जीएसटीच्या नोंदणीतला तिसरा अशी गत होते. त्यात महाविद्यालयाने किंवा एमआयडीसीतील कंपनीने दिलेल्या पत्त्याची भर पडते. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ साली सुरू केलेल्या हॉटमेलच्या जमान्यातले एखादे खातेही कुठेतरी तग धरून असते.

ही सारी खाती एकाच प्रोग्रॅममध्ये पाहता येतात, याचे कारण ई-मेल ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. व्हॉट्सॲपचा निरोप व्हॉट्सॲपमध्येच वाचावा लागतो. ई-मेलचे तसे नाही, कारण त्याची देवाणघेवाण सर्वांना खुल्या असलेल्या नियमांनुसार चालते. पत्र पाठवण्याचा ‘एसएमटीपी’ हा नियम १९८२ साली ठरला, आलेले पत्र उतरवून घेण्याचा ‘पॉप’ १९८४ साली आला, आणि १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ची आखणी केली. पॉपमध्ये पत्र संगणकावर उतरते आणि वेगळी सूचना दिली नसेल तर अनेकदा सर्व्हरवरून, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या मूळ यंत्रावरून, पुसले जाते. आयमॅपमध्ये मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि प्रोग्रॅममध्ये दिसते ती त्याची नक्कल, जसा सातबाऱ्याचा उतारा घरात आणि मूळ नोंद सरकारी दप्तरी. फरक एवढाच की येथे उतारा फाडला तर मूळ नोंदही फाटते. फोनवरून पत्र काढून टाकले की ते संगणकावरूनही जाते, हे अनेकांना फार उशिरा उमगते.

मोझिलाचा थंडरबर्ड (पहिली आवृत्ती डिसेंबर २००४), मायक्रोसॉफ्टचा आउटलुक किंवा फोनवरचे जीमेल ॲप यांपैकी कशातही वेगवेगळ्या कंपन्यांची खाती जोडता येतात. बहुतेक वेळा पत्ता टाकताच बाकीची जुळणी आपोआप होते. न झाल्यास सर्व्हरचे नाव आणि पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, हाताने भरावा लागतो. आयमॅपसाठी तो ९९३ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ असतो. खरी अडचण पासवर्डापाशी येते. गूगलने मे २०२२ पासून आणि मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमना प्रवेश देणे बंद केले. आता प्रोग्रॅम कंपनीच्याच पानावर नेतो, संमती तेथे द्यावी लागते, आणि पासवर्ड प्रोग्रॅमच्या हाती पडत नाही. ही सुधारणा त्रासदायक वाटली तरी योग्यच आहे.

सगळे प्रोग्रॅम मात्र एका माळेचे मणी नाहीत. थंडरबर्ड प्रत्येक सर्व्हरशी थेट बोलतो. विंडोजवरचा नवा आउटलुक इतर कंपन्यांच्या खात्यांतील टपालाची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये, म्हणजे त्या कंपनीच्या दूरच्या साठ्यात, नेतो. सोयीच्या नावाखाली टपालाला आणखी एक राखणदार मिळतो, आणि असा राखणदार हवा की नको हे खातेदाराने जाणूनबुजून ठरवायला हवे.

सर्व खात्यांचे टपाल एका यादीत दाखवणाऱ्या एकत्रित इनबॉक्सचे कौतुक फार होते, पण वाचण्यासाठी उत्तम असलेली ही यादी लिहिताना दगा देऊ शकते. समजा, युरोपला द्राक्षे धाडणाऱ्या बागायतदाराने निर्यातदाराला रासायनिक अंशाच्या तपासणीचा अहवाल पाठवला आणि ‘प्रेषक’ या ओळीत घरातल्या संगणकावर आधीच ठरलेला मुलाच्या कॉलेजचा पत्ता राहिला, तर निर्यातदाराला तो ओळखीचा वाटत नाही आणि अहवाल स्पॅममध्येही पडू शकतो. शिवाय कॉलेजचा पत्ता कॉलेजच्या मालकीचा असतो. शिक्षण संपल्यावर तो बंद झाला, तर उत्तरे पोहोचायची कुठे? म्हणून खाती एका खिडकीत आणावीत, पण प्रत्येकाची ओळख निराळी ठेवावी आणि पाठवण्यापूर्वी ‘प्रेषक’ची ओळ एकदा पाहावी.

खाती जोडण्यापूर्वी आणखी एक काम उरकावे. दुकानात किंवा सेवा केंद्रात काढलेल्या खात्याला पासवर्ड परत मिळवण्यासाठी कोणाचा मोबाइल क्रमांक दिला आहे, हे तपासावे. तो दुसऱ्याचा असेल तर खात्याची किल्लीही दुसऱ्याच्याच खिशात आहे. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे, तेव्हा पॅन किंवा बँकेला जोडलेल्या जुन्या जीमेलमध्ये वर्षातून एकदा तरी थेट जाऊन यावे.