पेंटबॉलमध्ये उंबरखिंड हवी

लालबागच्या आमच्या चाळीतली पोरं परवा पेंटबॉल खेळायला निघाली, मीही गेलो. तोंडावर मुखवटा, हातात हवेच्या दाबावर चालणारी बंदूक. १७ मिलिमीटरची जिलेटिनची गोळी मांडीवर फुटली की चांगलीच झोंबते, आणि रंग लागला की गडी बाद. डावाची गोष्ट मात्र परक्या वाळवंटातली: ओलीस सोडवा, झेंडा पळवा.

झाडांवर आणि गुरांवर खूण करायच्या बंदुका घेऊन अमेरिकेत १९८१ मध्ये हा खेळ सुरू झाला. म्हणून गोष्टही परकीच हवी का? खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाची फौज अरुंद वाटेत कोंडली आणि खान शरण आल्यावर तिला जाऊ दिलं. दबा, कोंडी, तडजोड, सगळं त्यात आहे. दिवाळीत चाळीच्या पटांगणात किल्ला बांधणाऱ्या पोरांना ही लढाई पटकन उमगेल.

मैदानवाल्यांनी हा डाव मांडावाच. एक नियम मात्र पक्का ठेवावा: हात वर करणाऱ्यावर गोळी झाडली, तर तो संघ हरला. जिंकत असताना थांबायचं कसं, हे महाराजांनी तिथे दाखवलं. पोरांनी तेही शिकायला हवं.