फाटकाच्या आतला खर्च

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की घरोघरी एकच मागणी सुरू होते. शेजारचे लोक थीम पार्कला जाऊन आले, वर्गातली मुले वॉटर पार्कला जाऊन आली, मग आपण कधी जायचे? मुंबई, ठाणे आणि रायगडकडील कुटुंबांना ही मागणी नवी नाही. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंग्डम आले आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलाबाळांना घेऊन अशा ठिकाणी जाण्याचा आपल्या अनेक मोहल्ल्यांत जणू रिवाजच पडला. जी मुले त्या काळी बोटीतून खाडी ओलांडून पाळण्यात बसायला गेली, ती आज स्वतः आईबाप आहेत आणि त्यांची मुले त्यांच्यामागे लागली आहेत.

प्रश्न जावे की जाऊ नये, हा नाही. प्रश्न असा आहे की, महिन्याच्या पगारावर किंवा छोट्या दुकानाच्या गल्ल्यावर चालणाऱ्या कुटुंबाने ही सहल कशी करावी, म्हणजे पुढचे दोन महिने किराणा दुकानदाराला तोंड चुकवावे लागणार नाही.

गेल्या वर्षीचा आमच्या घरचा अनुभव सांगतो. आम्ही दोघे, तीन मुले आणि माझी अम्मी, असे सहाजण एका उद्यानाला गेलो. घरातून निघताना तिकिटांचे पैसे मोजून वेगळे ठेवले होते आणि हिशेब झाला, असे मी समजून चाललो होतो. रात्री परतल्यावर पत्नीने कागद घेऊन बेरीज मांडली, तेव्हा एकूण खर्च तिकिटांच्या जवळजवळ दुप्पट भरला. भाड्याचे कपडे, लॉकर, दोन वेळचे खाणे, पाण्याच्या बाटल्या, चौकटीतला फोटो, मुलांनी हट्टाने घेतलेली खेळणी आणि परतीची टॅक्सी. अम्मीने दिवसभर झाडाखाली बसून आमच्या चपला सांभाळल्या. पण त्यांचेही पूर्ण तिकीट काढले होते. यात उद्यानाने आम्हांला फसवले, असे मी म्हणणार नाही. सर्व दर फलकावर लिहिलेले होते. चूक आमची होती. आम्ही फाटकापर्यंतचाच हिशेब केला होता.

हा धंदा चालतो कसा?

गिऱ्हाइकाने पैसे वाचवायचे तर आधी दुकानदाराचे गणित समजून घ्यावे लागते. १९५५ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डिस्नेलँड उघडले, तेव्हा आत जाण्याचे तिकीट मोठ्या माणसाला एक डॉलर होते आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे द्यावे लागत. नंतर तिकिटांची पुस्तके निघाली. १९८२ मध्ये ती पद्धत बंद झाली आणि एकदा पैसे भरा, मग हव्या तितक्या राइड घ्या, अशी पद्धत आली. आपल्याकडील मोठी उद्यानेही आज याच पद्धतीने चालतात.

ही पद्धत गिऱ्हाइकाला सोयीची वाटते आणि आहेही. पण तिचा दुसरा परिणाम लक्षात घ्यावा. दर वेळी खिशात हात घालावा लागत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि दिवसभर आत राहतो. दिवसभर आत राहिलेल्या माणसाला भूक लागते, तहान लागते, कपडे बदलावे लागतात. जे बाजारात दहा दुकानांत मिळते ते इथे एकाच दुकानात मिळते. तेव्हा भाव कोण ठरवणार, हे कोणत्याही व्यापाऱ्याला सांगायला नको.

रांगेचेही तेच. डिस्नेने १९९९ मध्ये रांगेत कमी वेळ उभे राहण्याची सोय फुकट दिली होती. २०२१ पासून तिचे वेगळे पैसे घेणे सुरू झाले. आपल्याकडेही अशी जादा दराची तिकिटे अनेक ठिकाणी विकली जातात. म्हणजे आधी गर्दीच्या दिवशी जायचे आणि मग गर्दी टाळण्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे.

खरी बचत तारखेत

उद्यानात शंभर माणसे आली काय आणि पाच हजार आली काय, यंत्रांची देखभाल, पाण्याची शुद्धी, सुरक्षारक्षक, कर्मचाऱ्यांचे पगार आणि कर्जाचे हप्ते हा खर्च फारसा कमी होत नाही. रिकामा गेलेला पाळणा दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. भाजीवाला संध्याकाळी कोथिंबीर स्वस्त देतो, त्याच कारणाने उद्याने कामाच्या दिवशी, पावसाळ्यात आणि शाळा चालू असताना सवलती देतात. विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर, मोठ्या गटाला किंवा आगाऊ नोंदणी करणाऱ्याला दरात सूट देण्याचे कारणही तेच.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, ईदच्या दुसऱ्या दिवसाचा हट्ट सोडावा. हे अनेकांना रुचणार नाही. पण हिशेब पाहा. समजा, तिकीट १,२०० रुपयांचे आहे. गर्दीच्या दिवशी रांगेत उभे राहून मुलाला चारच राइड मिळाल्या, तर एक राइड ३०० रुपयांना पडली. दोन आठवड्यांनी मंगळवारी किंवा बुधवारी गेलात आणि बारा राइड मिळाल्या, तर एक राइड १०० रुपयांना पडली. त्यात कामाच्या दिवसाची सवलत मिळाली, तर ती वेगळीच. दुकानदार आणि कारागीर बंधूंना तर आठवड्याची सुट्टी कामाच्या दिवशीच असते. तिचा उपयोग करावा.

तिकिटाचा दर विचारताना करासह किती, हेही विचारावे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा या तिकिटांवर २८ टक्के कर होता. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला. जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा करासह आहे की कराविना, यावर सहा माणसांच्या हिशेबात बराच फरक पडतो.

मुलाची उंची आणि बापाची नियत

लहान मुलांचे तिकीट आपल्याकडे बहुधा वयावर नसते, उंचीवर असते. फाटकाजवळ मोजपट्टी रंगवलेली असते. घरीच भिंतीला उभे करून मुलाची उंची मोजून जावे, म्हणजे तिथे अंदाज चुकत नाही.

पण मी त्या मोजपट्टीपाशी असे बाप पाहिले आहेत, जे मुलाच्या कानात सांगतात, "गुडघे थोडे वाकव." दोनतीनशे रुपये वाचतात, हे खरे. पण त्याच मुलाला दहा मिनिटांनी उंच पाळण्यात बसायचे असते आणि तिथेही उंचीची अट असते. ती अट पैशासाठी नसते. आडवा दांडा आणि पट्टा मुलाच्या अंगावर नीट बसावा, यासाठी असते. फाटकापाशी वाकलेला मुलगा तिथे टाचा उंचावून उभा राहतो आणि बाप काही बोलू शकत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने मापात खोट करायला मुलाला शिकवावे आणि उद्या तोच मुलगा दुकानात वजनात खोट करू लागला की कपाळावर हात मारावा, हे बरे नाही. ही बचत हिशेबात धरू नये.

वडीलधाऱ्यांच्या तिकिटाची चौकशी मात्र अवश्य करावी. ज्येष्ठांना अनेक ठिकाणी सवलत असते. ज्यांना राइड घ्यायची नाही, त्यांना नुसत्या प्रवेशाचे तिकीट आहे का, हेही आधी फोनवर विचारावे. आम्ही विचारले नव्हते.

कपडे, डबा आणि पाणी

वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांना मनाई असते, कारण सुताचे धागे पाणी गाळण्याच्या यंत्रात अडकतात. मग तिथे नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात. सहाजणांचे एका दिवसाचे भाडे आणि मोहल्ल्यातल्या बाजारात मिळणाऱ्या साध्या नायलॉनच्या कपड्यांची किंमत ताडून पाहावी. विकतचे कपडे पुढच्या वर्षी धाकट्याला होतात. आपल्या स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ आणि डोके झाकणारा पोहण्याचा पोशाख घरूनच न्यावा आणि तो चालेल का, हे आधी विचारून शक्य तर मोबाईलवर लेखी उत्तर घ्यावे. फाटकावर नाही म्हटले, तर एक तर तिकीट वाया जाते किंवा मनाविरुद्ध मिळेल ते भाड्याने घ्यावे लागते.

बाहेरचे खाणे बहुतेक उद्याने आत नेऊ देत नाहीत; तान्ह्या मुलाचे खाणे आणि औषधे सहसा अडवली जात नाहीत. यावर भांडत बसण्यापेक्षा सकाळी भरपेट नाश्ता करून जावे. डबा गाडीत किंवा बसमध्ये ठेवावा आणि संध्याकाळी बाहेर पडताच खावा. आतले एकच जेवण हिशेबात धरावे. हलाल जेवणाची सोय नसेल, तर शाकाहारी ताटाचा भाव विचारून ठेवावा. पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे आहे, हे आत जाताच पाहून ठेवावे, म्हणजे बाटलीवर बाटली विकत घ्यावी लागत नाही. टपरीवर बंद बाटली छापील किमतीपेक्षा महाग विकत असतील, तर पावती मागावी. ग्राहकांच्या तक्रारीसाठी सरकारचा १९१५ हा क्रमांक आहे.

उसने नको, भिशी बरी

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटी. आज मोबाईलवर दोन बटणे दाबली की सहलीसाठी हप्त्याने पैसे मिळतात. दिवस एक आणि हप्ते बारा. पाळण्याची भिंगरी विसरली जाते, पण हप्ता विसरता येत नाही. माझे स्पष्ट मत आहे की, कर्ज काढून करमणूक करू नये. जे उद्यान बांधतात त्यांनाही कर्ज झेपतेच, असे नाही. इमॅजिका मोठे कर्ज घेऊन उभे राहिले, ते फेडणे जड गेले आणि २०२२ मध्ये त्याचा ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला. कोट्यवधींचा धंदा करणाऱ्यांची ही गत होते, तर महिन्याच्या पगारावरच्या माणसाने काय करावे?

आपल्या स्त्रियांना भिशी नवी नाही. तीच पद्धत घरात वापरावी. सहलीचा एकूण खर्च, म्हणजे तिकीट, प्रवास, कपडे, जेवण आणि मुलांचा हातखर्च, कागदावर मांडावा. तो समजा ९,६०० रुपये झाला, तर महिन्याला ८०० रुपये वेगळे ठेवावेत. वर्षभरात तितके जमले नाहीत, तर सहल पुढे ढकलावी. उद्यान कुठे पळून जात नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, हा सगळा फालतू खर्च आहे. चौपाटीवर न्या, किल्ला दाखवा. तेही करावेच. पण वर्षभर घराबाहेर न पडणाऱ्या आईला आणि दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलांना एक दिवस मोकळेपणाने हसता आले, तर तो पैसा वाया गेला, असे मला वाटत नाही. वाया जातो तो न मोजलेला पैसा.

यंदा आम्ही पावसाळ्यात, एका बुधवारी गेलो. कपडे घरचे होते, डबा गाडीत होता आणि अम्मीच्या तिकिटाची चौकशी आधी केली होती. निघताना तिन्ही मुलांना प्रत्येकी शंभर रुपये दिले आणि सांगितले, आत काय घ्यायचे ते तुम्ही ठरवा, आणखी मिळणार नाहीत. गेल्या वर्षी खेळण्यासाठी रडलेला धाकटा त्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिला. किमतीची चिठ्ठी त्याने दोनदा वाचली. संध्याकाळी गाडीत बसल्यावर त्याने खिशातून साठ रुपये काढून आईच्या हातात दिले आणि म्हणाला, "अम्मी, हे पुढच्या वर्षाच्या भिशीत टाक."