हनुमंताचे चित्र आणि चित्रकाराचे ऋण

२०१५ नंतरच्या काही वर्षांत मोटारींच्या मागील काचांवर, दुचाकींवर आणि तरुणांच्या टी-शर्टांवर हनुमंताची एक मुद्रा देशभर झळकू लागली. केशरी व काळा असे दोनच रंग, आकसलेल्या भुवया आणि रोखलेली नजर. लक्षावधी लोकांनी ती अभिमानाने मिरवली. परंतु ती रेखाटणाऱ्या हाताचे नाव त्यांतील कितीजणांना ठाऊक होते?

ते नाव करण आचार्य. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील कुंबळे हे त्यांचे गाव. गावातील तरुण मित्रांना गणेशोत्सवातील ध्वजासाठी काही वेगळे चित्र हवे होते, म्हणून २०१५ साली त्यांनी संगणकावर हा हनुमंत साकारला. अशा चित्राच्या रेषा गणिती सूत्रांनी बांधलेल्या असतात. त्यामुळे ते तळहाताएवढे छापा वा मालमोटारीएवढे, रेषेची धार बोथट होत नाही. ध्वजावरचा हनुमंत काचेवर सहज उतरला, तो या गुणामुळे.

२०१८ साली इंग्रजी प्रसारमाध्यमांतील काही लेखकांची दृष्टी या चित्रावर पडली आणि त्यांना त्यात 'उग्र हिंदुत्वा'चे दर्शन घडले. आपला हनुमान सामर्थ्यवान आहे, जुलमी नव्हे, असे खुद्द चित्रकार सांगत असता त्याचे ऐकून घेण्याची गरज या मंडळींना वाटली नाही. एरवी कलावंताच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्यांनी या कलावंतापुरता तो विसरावा, याला कोणता न्याय म्हणायचे? ५ मे २०१८ रोजी मंगळूरच्या जाहीर सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आचार्य यांचे नाव घेऊन कौतुक केले, तेव्हा कुठे अनेकांना या चित्राला एक जनक आहे हे कळले.

रौद्र आणि वीर हे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने मान्य केलेले रस आहेत. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी दोन चाफळला आहेत. राममंदिरासमोर हात जोडलेला दासमारुती आणि मंदिरामागे प्रतापमारुती. भक्ती आणि प्रताप एकाच दैवतात एकत्र नांदतात, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही समजते. ते ज्यांना समजत नाही, त्यांनी चित्राला दोष देण्यापूर्वी आपल्या अज्ञानाकडे पाहावे.

तथापि टीकाकारांना उत्तर दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही. चित्राचा अर्थ विपर्यस्त करणे हा एक अन्याय. चित्र उचलून चित्रकाराला विसरणे हा दुसरा. आणि हा दुसरा अन्याय विरोधकांनी केलेला नाही, तो चाहत्यांच्या हातून घडला आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा निर्माता हा सामान्यतः तिचा प्रथम स्वामी असतो. त्यासाठी नोंदणीचीही अट नाही. कलम ५७ त्याला कर्तृत्वाचे श्रेय मागण्याचा आणि कृतीच्या विकृतीकरणास हरकत घेण्याचा अधिकार देते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने उतरवले, तेव्हा ते थेट सरकारविरुद्ध न्यायालयात गेले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र गल्लीबोळांत छापल्या जाणाऱ्या सहस्रावधी स्टिकरांविरुद्ध एकट्या चित्रकाराने किती न्यायालयांच्या पायऱ्या झिजवायच्या?

'देवाचे चित्र, त्यात पैसा आणि मालकी कसली? ते तर समर्पण!' असे कोणी म्हणेल. पण समर्पण देणाऱ्याने करायचे असते. घेणाऱ्याने परस्पर उचलून नेले तर त्याला वेगळा शब्द आहे. मूर्तिकाराला बिदागी दिल्यावाचून गणपती घरी आणण्याची आपली रीत नाही. मग संगणकावर मूर्ती घडवणारा हात कमी पवित्र कसा?

केरळचेच राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढून देवदेवतांची चित्रे घराघरांत पोहोचवली. ती घराघरांतील देव्हाऱ्यांत पुजली गेली, पण छापखाना मात्र रविवर्मांच्या हाती टिकला नाही. तो एका जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. भक्तांची वाण नसतानाही कलेचा आधार डळमळतो, हा त्या इतिहासाचा धडा आहे. आज तर संगणकाला चार शब्दांची आज्ञा देताच चित्र तयार होते. अशा काळात मानवी हाताची कदर समाजाने केली नाही, तर पुढचा करण आचार्य घडणार कसा?

म्हणून उत्सवमंडळांनी आणि कुटुंबांनी एवढा नियम करावा: चित्र घ्यायचे तर विचारून, नावासह आणि योग्य मोल देऊन घ्यायचे. रामाची मुद्रिका हनुमंताने खुणेसाठी नेली आणि ज्याची होती त्याच्या नावानेच पोहोचवली. त्याचे चित्र मिरवणाऱ्यांनी निदान चित्रकाराचे नाव तरी पोहोचते करावे.